झरूक साम्राज्याची सातवी नौका

१

“आई, हुजूर गेला!”

रविवारी सकाळी अर्ध्या गालाला साबण लावलेले माझे जावई जिन्यातून ओरडले आणि माझ्या छातीत धस्स झालं. दिवाळीनंतर चार दिवस मुलीकडे म्हणून मी पुण्याहून हैदराबादेत आलेली. इथे हुजूर कोणाला म्हणतात आणि तो कधीपासून आजारी होता, याचा मला काही पत्ता नव्हता. मी पदर सावरला आणि हलक्या आवाजात विचारलं, “कधी नेणार आहेत?”

“आई, माणूस नाही गं!” माझी लेक प्राजक्ता माझ्यावर डाफरली. “जहाज!”

जहाज म्हणजे लाकडाचं, आणि तेही पाण्यातलं नव्हे, आकाशातलं. माझे जावई प्रशांतराव यांचं अंबरपेठेतल्या घराच्या तळमजल्यावर वर्कशॉप आहे. बिल्डर लोकांना इमारतींचे छोटे नमुने करून द्यायचे, झाडं स्पंजची आणि माणसं काड्यापेटीच्या काडीएवढी, असं त्यांचं काम. मग सरकारनं देशाची दारं उघडली, आणि त्या दारातून आमच्या जावयांकडे काय आलं, तर झरूक साम्राज्य.

त्यांचा धाकटा भाऊ मिलिंद अमेरिकेत कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत आहे. त्याच्या नव्या खेळात कुठल्याशा दूरच्या ताऱ्यावरचं झरूक साम्राज्य पृथ्वीवर चाल करून येतं. त्यांच्या युद्धनौकांचे सात वर्ग. प्रत्येक वर्गाची एकेक नौका आधी लाकडात कोरून हवी होती. त्यावरून पुढे साचे आणि जगभर विकायची खेळणी. चित्रं मिलिंदनंच धाडली होती आणि पठ्ठ्यानं वर्गांना नावं दिली होती टोळ, गोम, घार, साळिंदर, कासव, विंचू आणि हुजूर. तिकडच्या पोरांना ही नावं परग्रहावरची वाटतात म्हणे. मी ऐकलं तेव्हा पोट धरून हसले होते.

आता हसू येत नव्हतं. सोमवारी कंपनीचा माणूस बेंगळूरहून येणार, सातही नौका तपासून पेटी बंद करणार. संच अपुरा दिसला की काम तैवानला. आणि सातवी नौका, साम्राज्याच्या बादशहाची, रात्रीतून नाहीशी झाली होती.

“घरातलं कोण घेणार?” प्रशांतराव गाल पुसत म्हणाले. “दुसरी किल्ली एकट्या ख्वाजाकडे आहे.”

२

मी शाळेत पर्यवेक्षिका होते. कॉपी पकडण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. चोरी केलेल्या पोराचे डोळे जिथे चिठ्ठी असते तिकडे एकदा तरी वळतात, हा माझा अनुभव. ख्वाजाचे डोळे कुठेच वळत नव्हते. वर्कशॉपच्या व्हरांड्यात स्टुलावर बसून तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

तिशीही न गाठलेला, हडकुळा पोरगा. लाकूड घासावं आणि पॉलिश करावं तर त्यानंच. शारजाच्या एका फर्निचर कारखान्यात त्याचं काम ठरलं होतं. पासपोर्टसाठी पोलिसांची तपासणी व्हायची तेवढी राहिली होती. तिथे एक तक्रार नोंदली गेली असती, तर शारजा कायमचं हातचं गेलं असतं.

“अम्मा, मैं कायकू लेतूं जी?” तो मला म्हणाला. “मेरेच हात का काम है. अपनीच चीज कोई चुराता क्या?”

“संध्याकाळपर्यंत नाही मिळालं, तर मी ठाण्यात जाणार,” प्रशांतराव आतून म्हणाले. माणूस वाईट नाही हो. पण घाबरला की त्याला सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात गरीब माणूस आधी दिसतो.

माझा एका जागी पाय ठरेना. व्हरांड्यातून आत गेले, आतून पुन्हा बाहेर आले. शेवटी पदर खोचला आणि काचेच्या कपाटासमोर उभी राहिले.

कपाटाला कुलूप नव्हतं, खोलीला होतं. खोलीच्या दोन किल्ल्या. एक ख्वाजाची, कारण तो सगळ्यांच्या आधी येई. दुसरी आमच्या स्वयंपाकघरात, कॅलेंडरशेजारी खिळ्याला. शनिवारी दुपारी काम सुटलं. संध्याकाळी प्रशांतराव, प्राजक्ता आणि मी दिलसुखनगरला साड्या बघायला गेलो होतो. आल्यावर जेवलो आणि झोपलो, खाली कोणीच डोकावलं नाही.

मधल्या फळीवर सहा नौका नीट ओळीनं उभ्या होत्या. टोकाला हुजूरची जागा रिकामी. हुजूर सगळ्यात लहान, खारकेएवढा. बादशहाचं जहाज शत्रूला दिसू नये म्हणून लहान, असं चित्राखाली लिहिलं होतं. खिशात टाकलं तर कोणाला कळणार नाही.

शनिवारी सकाळी मला ही नौका-मंडळी दाखवली होती, तेव्हा मी शहाणपणानं म्हटलं होतं, “ते मोठं कासव शेवटी ठेवा, शोभून दिसेल.” त्यावर रंगकाम करणारी योगिनी म्हणाली होती, “नाही मावशी, यांची ओळ आकारानं नाही लागत, मानानं लागते. टोळ सगळ्यात आधी, लढाईत मरायला. विंचू एवढासा आहे, पण कासवाच्या वरचा. हुजूर सगळ्यात शेवटी.”

तेव्हा टोळ माझ्या डाव्या हाताला खिडकीपाशी होता आणि त्याच्या हिरव्या पंखांवर ऊन पडलं होतं. आता खिडकीपाशी रिकामी जागा होती. टोळ पार दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे.

मी एकेक नाव घेत बोट फिरवलं. सहाही नौका आपापल्या मानानं बरोबर लागल्या होत्या. फक्त सगळी ओळ उजवीकडून सुरू झाली होती.

३

“चोराला एक खारीक उचलायची होती,” मी प्रशांतरावांना म्हटलं. “मग त्यानं बाकीच्या सहा जागच्या हलवल्या कशाला?”

त्यांनी कपाळाला हात लावला. “आई, कुठून सुरू केलं त्याला काय महत्त्व?”

“हाच प्रश्न कॉपी करणारी मुलं विचारायची. ज्यानं हे केलं त्यानं सगळी जहाजं बाहेर काढली, निवांत बघितली आणि परत मानानं लावली. त्याला मान ठाऊक होता. आणि त्याचा हात उजवीकडून सुरू होतो.”

“म्हणजे डावरा!” प्राजक्ता म्हणाली. “अभिजीत डावरा आहे.”

अभिजीत मूळचा मुंबईचा. फॅक्स, कॉम्प्युटर, फोटो ही सगळी त्याची खाती. पेटी भरायची म्हणून रविवारीही सगळे कामावर आले होते; त्याला वर बोलावून मी चहा दिला. कप त्यानं डाव्या हातानं उचलला, उजव्यानं बॅग छातीशी धरली होती.

“काकू, मी काही केलेलं नाही.”

“मग बॅग छातीशी धरून का बसला आहेस?”

तो लाल झाला. बॅगेतून नौकांचे फोटो निघाले. प्राजक्तानं माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. पण पोरगं हळूच म्हणालं, “सिकंदराबादला एका नव्या कंपनीत मुलाखत आहे. माझं काम दाखवायला नेणार होतो. प्रशांतदादांना सांगू नका ना.”

मी ट्रॉलीवरच्या सात स्टीलच्या वाट्या त्याच्यापुढे ठेवल्या, लहान-मोठ्या. “लहानीपासून मोठीपर्यंत लाव पाहू.”

त्याला वाटलं असेल, म्हातारीचं डोकं फिरलं. त्यानं डाव्या हातानं भराभर वाट्या मांडल्या. लहान वाटी डावीकडे, मोठी उजवीकडे, म्हणजे चारचौघांसारखीच. मग योगिनीला बोलावलं, तिच्यामागोमाग प्रशांतरावही येऊन बसले. तिनंही वाट्या तशाच लावल्या. शनिवारी निघताना आपण टोळ खिडकीशीच पाहिला होता, असं ती शपथेवर सांगत होती.

हात कुठलाही असो, ओळ आपण तिथूनच सुरू करतो जिथून वाचायला शिकलो. हे माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं आणि मी, शहाणी बाई, मोठ्यानं बोलून बसले.

“उजवीकडून कोण वाचतं? उर्दू शिकलेला माणूस!”

प्रशांतराव ताडकन उठले. त्यांचे डोळे खाली व्हरांड्यात बसलेल्या ख्वाजाकडे गेले.

“बघा आई,” ते म्हणाले. “मी सकाळपासून काय सांगतोय?”

४

स्कूटरची किल्ली घेऊन ते जिना उतरायलाही लागले. मी मागोमाग. वय झालंय, गुडघे कुरकुरतात, पण त्या दिवशी मी दोन-दोन पायऱ्या उतरले असेन.

“थांबा जरा! वाट्या तर मांडू द्या त्याला!”

“आई, आता परीक्षा पुरे. उद्या तो माणूस येतोय.”

ख्वाजा उभा राहिला होता. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. मला माझीच लाज वाटली. मी शोधायला निघाले होते आणि दोर वळून दुसऱ्याच्या हातात दिला होता.

“ख्वाजा, बेटा,” मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, “तू उर्दू शाळेत शिकलास ना?”

“मैं?” तो गोंधळला. “नै अम्मा. हमारे अब्बा मेरेकू तेलुगू मीडियम में डाले. बोले, उर्दू पढ़ को क्या करता, नौकरी इधर तेलुगू से मिलती. मेरेकू उर्दू का अलिफ भी नै आता.”

प्रशांतराव हसले, कडवट. “आणि शारजाहून मामूची चिठ्ठी येते ती? उर्दूतच असते ना? परवाच तर खिशात घेऊन फिरत होतास.”

“हौ भाई, उर्दूच रहती.” ख्वाजा म्हणाला. “वो मैं अण्णासाहेब से पढ़वा लेतूं.”



५

अण्णा म्हणजे हणमंतराव, प्रशांतरावांचे वडील, माझे व्याही. त्यांच्याबद्दल मी आतापर्यंत फारसं बोलले नाही, कारण खरं सांगायचं तर मी त्यांना हिशोबातच धरलं नव्हतं.

बीदरकडची शेतीवाडी सोडून आलेलं घराणं. अण्णांनी सिकंदराबादला रेल्वेत नोकरी केली. आता कानात अत्तराचा फाया घालायचा, सकाळी इराण्याकडे जाऊन बसायचं, दुपारी येऊन जेवायचं, एवढाच दिनक्रम. माझं आणि त्यांचं फारसं जमत नसे. मी ‘नको’ म्हणायची, ते ‘नक्को’ म्हणायचे आणि दोघांनाही वाटायचं की दुसऱ्याला मराठी येत नाही. मी पुण्याहून हौसेनं दिवाळी अंक नेला, तर त्यांनी तो मागच्या पानाकडून उघडला, चार पानं चाळली आणि ठेवून दिला. मला वाटलं, राशिभविष्य बघतायत. मनात म्हटलंही, शिक्षण बेताचंच दिसतंय.

“अण्णांना उर्दू येतं?” मी प्रशांतरावांना विचारलं.

“येणारच की. निजामाच्या राज्यातल्या शाळा. त्यांच्या वयाचे सगळे उर्दूतच शिकले, आमचे काका, मामा, सगळे. मराठी त्यांना घरात ऐकून येते. इराण्याकडे जातात ते तिथे उर्दू पेपर मिळतो म्हणून.” बोलता बोलता त्यांचा आवाज खाली आला. “पण आई, अण्णा वर्कशॉपची पायरीसुद्धा चढत नाहीत. मिलिंदचं काम आहे ना.”

ती कहाणी मला प्राजक्तानं सांगितली होती. मिलिंदला रेल्वेत पक्की नोकरी लागली होती, अण्णांच्याच खटपटीनं. ती सोडून तो कंत्राटावर अमेरिकेला निघाला. अण्णा म्हणाले, “पक्की नोकरी टाकून हमाली करायला चाललास. गेलास तर या घरात पाऊल ठेवू नक्को.” तो गेला आणि त्यानं खरंच पाऊल ठेवलं नाही. त्याचा फोन आला की अण्णा खोलीतून उठून जायचे.

“त्यांना या नौकांची नावंसुद्धा माहीत नसतील,” प्रशांतराव म्हणाले.

आणि मला शनिवारचं दुपारचं जेवण आठवलं. मी ताटावर बसून त्या नौकांची थट्टा करत होते. म्हटलं, एवढं मोठं कासव आणि त्याला मान नाही. अण्णा ताटातून मान वर न काढता म्हणाले, “विंचू बसतो ना त्याच्यावर.” मला वाटलं, उगाच आडवं बोलतायत. मग प्रशांतराव कुरकुरले की कासवाचं पोट पोकळ करायला सांगितलंय, वजन कमी व्हावं म्हणून असेल, पण केवढी मेहनत. तेव्हा अण्णांचा घास हातातच राहिला होता. संध्याकाळी आम्ही निघालो, तर म्हणाले, “गर्दीत मला नक्को. तुमी जावा.”

पायरीसुद्धा न चढणाऱ्या माणसाला विंचवाचा मान कोणी सांगितला?

“ख्वाजा,” मी विचारलं, “ते कासव नुसतं पोकळ आहे की उघडतं?”

“खुलता ना अम्मा!” त्याचा चेहरा पहिल्यांदाच जरा उजळला. “नीचे सरकने का ढक्कन है. कंपासपेटी का रहता ना, वैसा. ऐसा बिठाया मैं, की लकीर भी नै दिखती.”

“ढक्कन?” प्रशांतराव म्हणाले. “ते चिकटवून टाकलं नाहीस तू?”

“चित्र में चिपकाव बोलके किधर लिखा था भाई?”

प्रशांतराव कपाटाकडे धावले. त्यांनी कासव उचललंही. तेवढ्यात फाटक वाजलं.

“ठेव ते,” मागून आवाज आला. “तुझ्या कामाचं नव्हे ते.”

६

अण्णा दारात उभे होते. काखेत घडी केलेला पेपर, कानात फाया. चपला बाहेर काढून ते आत आले. मला वाटतं, दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर, पहिल्यांदाच.

मी त्यांना काहीच विचारलं नाही. मेजावर सात वाट्या मांडल्या. “अण्णा, लहानीपासून मोठीपर्यंत लावता का?”

त्यांनी वाट्यांकडे पाहिलं, मग कपाटातल्या ओळीकडे, मग माझ्याकडे. मिशीत हसले. लहान वाटी उचलून त्यांनी मुद्दाम, सावकाश, उजव्या टोकाला ठेवली.

“पकडलं तुमी, विहीणबाई,” ते म्हणाले. “मास्तरीणच की.”

“पण अण्णा, का?” प्रशांतराव जवळजवळ रडकुंडीला आले होते.

अण्णा स्टुलावर बसले. कपाटाकडे बघत सांगू लागले.

“तू बाहेर क्रिकेट खेळायचास. धाकटा तापानं अंथरुणात. सगळा उन्हाळा गेला त्याचा. खेळायला काय द्यावं? मी काड्यापेट्या आणल्या, रिळं आणली, सुपाऱ्या आणल्या. म्हटलं, ह्या काड्यापेट्या नव्हेत, आकाशातली जहाजं हायत. एक राजा करू, त्याला फौज करू. टोळ त्यानं केला, विंचू मी केला. दरबारात बसतात तसं मानानं बसवायचं, माझ्या उजव्या हातापासून. झरूक हे नाव त्याचंच. शिंक आली होती त्याला तेव्हा.”

 योगिनीनं डोळ्यांना ओढणी लावली होती.

“लढाईच्या आधी हुजूर लपवायचा, असा डाव. एकानं लपवायचा, दुसऱ्यानं शोधायचा. सापडला की राज्य त्याचं. कासव म्हणजे माझी तंबाखूची डबी. तिच्या पोटात मी लपवायचो नेहमी. त्याला ठाऊक असायचं, तरी आधी सगळीकडे शोधायचा. मला बरं वाटावं म्हणून.” ते प्रशांतरावांकडे वळले. “काल जेवताना तू म्हणालास, पोट पोकळ मागितलंय. मला कळालं, हे कंपनीनं नाही मागितलं.”

 अमेरिकेत बसलेल्या मुलाला ‘अण्णा, चुकलो’ म्हणता येत नव्हतं आणि इथल्या बापाला ‘ये’ म्हणता येत नव्हतं. म्हणून एकानं लाकडात रिकामी जागा मागितली आणि दुसऱ्यानं ती भरली.

“मग मी खाली आलो, किल्ली खिळ्यालाच होती. सगळी फौज बाहेर काढली, मेजावर मांडली. लई दिवसांनी. आणि डाव टाकला. म्हटलं, हुजूर गायब झाला की हा अमेरिकेला फोन लावेल. धाकट्याला बरोबर कळेल.” त्यांनी प्रशांतरावांकडे रागानं पाहिलं. “मला काय मालूम, तू अमेरिका सोडून इथंच शोधत बसशील?”

“नुसते शोधत नव्हते, ख्वाजाला ठाण्यात नेत होते, अण्णा,” मी म्हटलं. “सकाळपासून बाहेर बसवून ठेवलाय त्याला. शारजा जात होतं पोराचं. आणि अर्धा दोष माझा आहे.”

अण्णांना हे ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. ते उठले, व्हरांड्यात गेले आणि ख्वाजासमोर हात जोडले.

ख्वाजानं घाबरून ते हात धरले. “अण्णासाहेब, पाप लगाते क्या मेरेकू?”

“लेकाला बोलवायच्या नादात दुसऱ्याच्या लेकाला विसरलो रे,” अण्णा म्हणाले.

प्रशांतराव खांबाला टेकून उभे होते. मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं, शाळेत बघायची तसं. ते पुढे झाले, ख्वाजाच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोनदा ‘चुकलं’ म्हणाले. पहिल्यांदा ते घोगरं आलं म्हणून दुसऱ्यांदा.

राहता राहिलं कासव. खात्री करायला हवी होती, नाहीतर मी कसली पर्यवेक्षिका? मी ते उलटं केलं आणि झाकण नखभर सरकवलं. आतून अत्तराचा वास आला. फायाच्या कापसात गुंडाळलेली काळसर, चकचकीत खारीक दिसली. मी झाकण लावून टाकलं.

“बाहेर काढायचा नाही?” प्रशांतरावांनी विचारलं. “उद्या तो माणूस…”

“डाव मोडायचा नसतो, प्रशांतराव,” मी म्हटलं. “अभिजीत, फॅक्स लाव अमेरिकेला. एवढंच लिही, हुजूर नाहीसा झाला आहे, घरात कोणाला सापडत नाही.”

७

ती रात्र प्रशांतरावांनी या कुशीवरून त्या कुशीवर काढली असणार, कारण सकाळी त्यांचे डोळे तांबारले होते. मीही तीनदा गॅस बंद आहे का बघून आले. अण्णा त्या सकाळी इराण्याकडे गेले नाहीत. फोनशेजारच्या खुर्चीत धुतलेला सदरा घालून बसले होते, आणि मी उपमा दिला तर म्हणाले, “मग खातो.”

बेंगळूरचा माणूस यायला अजून अवकाश होता, तोच फोन खणखणला. प्रशांतरावांनी झडप घातली. ऐकता ऐकता त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

“काय? परत पाठवू? अरे, पण पेटी… तू स्वतः? कधी?” मग रिसीव्हर छातीशी धरून ते अण्णांकडे वळले. “मिलिंद त्या माणसाला परत पाठवा म्हणतोय. पेटी तो स्वतः येऊन बंद करणार आहे. आणि… तुम्हाला मागतोय.”

एरवी फोन आला की उठून जाणारे अण्णा जागचे हलले नाहीत. त्यांनी रिसीव्हर घेतला आणि कानातला फाया काढून मुठीत धरला.   परदेशी फोनचा मीटर तिकडे धडाधड पळत असणार, आणि हे दोघे एकमेकांचा श्वास ऐकत बसलेले. मला राहवेना, मी पदराला पीळ घालत होते.

शेवटी पलीकडून आवाज आला. एवढा मोठा, की आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

“अण्णा, तंबाखूच्या डबीत बघितलं का?”

अण्णांनी फाया धरलेली मूठ मिशीवरून फिरवली. 

“फोनवरनं शोधायचा डाव नव्हे हा,” ते म्हणाले. “येऊन बघ.”

रिसीव्हर ठेवून ते उठले, वरच्या गॅलरीत आले आणि कठड्यावरून खाली वाकले. ख्वाजा वर्कशॉपचं दार उघडत होता.

“ख्वाजा, बेटा! कासव का ढक्कन जरा घट्ट कर. झट से खुलना नक्को.”